पै काकांच्या चित्रकथा आणि आपली मुले

‘अमर चित्रकथा’वाले अनंत पै मूळचे कर्नाटकातल्या कारकळचे, घरची भाषा कोंकणी. आपल्या कामाबद्दल बोलताना ते 1967 सालची एक हकीकत नेहमी सांगत. दिल्लीत टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देव ठाऊक होते, रामाची आई कोण हे मात्र सांगता येईना! त्यातूनच ‘कृष्ण’ निघाले, चित्रे राम वाईरकरांची. पुढे 1980 साली ‘टिंकल’ आले.

आम्हा बडोदेकरांच्या मुलांनी शिवाजी महाराज वाचले ते याच मालिकेत, पण इंग्रजी नाहीतर हिंदीतून. गोष्ट घरात राहिली, भाषा निसटत चालली. पैंनी आपले काम चोख केले. तीच गोष्ट नातवंडांना मराठीतून सांगणे, हे काम आता आपले.