केमो सुरू होण्याआधीची यादी आणि तिचा इतिहास

पोस्ट मोठी आहे, पण ज्यांच्या घरात बाईच्या छातीतली गाठ कॅन्सरची निघालीय त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

केमो सुरू होण्याआधी दवाखान्यातून एक यादी मिळते. रक्त तपासा, हृदयाची टू-डी इको करा, दात दाखवून घ्या, केस जातील याची तयारी ठेवा. ती बघून आपल्याकडं हमखास कुणीतरी म्हणतं, "हा सगळा पैसे काढायचा धंदा." मी पत्रकार आहे, डॉक्टर नाही. पण त्या यादीतली एकेक ओळ कुठून आली ते सांगतो.

पहिली ओळ रक्ताची. दुसऱ्या महायुद्धात, 2 डिसेंबर 1943 ला, इटलीतल्या बारी बंदरावर जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले. तिथल्या 'जॉन हार्वे' या अमेरिकन जहाजात मस्टर्ड वायूचे बॉम्ब गुपचूप भरलेले होते. ते विष पाण्यात आणि हवेत पसरलं. लष्करी डॉक्टर स्टुअर्ट अलेक्झांडर यांना दिसलं, की बाधितांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमालीच्या घटल्यात. त्याच जातीचं रसायन आदल्या वर्षी अमेरिकेत येल विद्यापीठात एका कॅन्सर रुग्णाला देऊन पाहिलं होतं आणि गाठी काही काळ विरघळल्या होत्या. केमोची सुरुवात तिथली. भराभर वाढणाऱ्या पेशींवर हे औषध घाव घालतं. त्यात कॅन्सर सापडतो, तशा पांढऱ्या पेशीही सापडतात. म्हणून प्रत्येक डोसाआधी त्या मोजायच्या. त्या कमी असताना किडका दातसुद्धा महागात पडतो, म्हणून दात आधीच दाखवायचे.

दुसरी ओळ इकोची. स्तनाच्या कॅन्सरमध्ये बऱ्याच जणींना लाल रंगाचं औषध देतात, डॉक्सोरुबिसिन. बारी ज्या पुलिया प्रांतात आहे, तिथल्याच मातीत सापडलेल्या जिवाणूपासून या औषधांचं घराणं निघालं. पुढं ध्यानात आलं, की एकूण मात्रा जास्त झाली तर हृदयाचा स्नायू कमजोर होतो. म्हणून आधी इको. हे औषध घेतल्यावर एखादा दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नसतं, घाबरू नका.

ऑपरेशननं गाठ काढली तरी केमो कशाला, हाही नेहमीचा प्रश्न. 1976 साली इटलीच्या मिलान शहरातल्या डॉ. बोनाडोना यांनी त्याचं उत्तर दिलं. ऑपरेशननंतर औषध न दिलेल्या बायकांमध्ये सव्वादोन वर्षांत 24 टक्के जणींचा आजार उलटला. औषध दिलेल्यांमध्ये हे प्रमाण 5.3 टक्के होतं.

आता केसांची ओळ. हिचा इतिहास आपल्या घरातला आहे. नवरा गेला की बाईचं केशवपन करायची चाल महाराष्ट्रात होती. 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतल्या नाभिक बांधवांना एकत्र केलं आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही, असं त्यांनी ठरवलं. चाल गेली, धास्ती राहिली. आपलं केम कुंकवाचं गाव. इथलं कुंकू देशभर जातं. अशा गावात बोडक्या डोक्यानं दारात उभं राहायचं म्हणजे काय, हे पुरुषांना कळत नाही. या धास्तीनं एखादी केमोच टाळत असेल, तर तो दोष तिचा नाही, आपल्या नजरेचा आहे. पहिल्या डोसानंतर दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात आणि उपचार संपल्यावर काही महिन्यांत पुन्हा येतात. सासू, जाऊ, शेजारीण यांनी हळदीकुंकवाला तिला आवर्जून बोलवा. ही तयारी घरच्यांची आणि गावाची.

उपचारासाठी मुंबईच गाठायला पाहिजे असं नाही. कुर्डुवाडीहून बार्शीला 1897 मध्ये लाईट रेल्वे सुरू झाली. त्याच बार्शीत 1982 साली नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल उभं राहिलं. ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी 1987 मध्ये तिथंच सुरू झाली. गावोगाव फिरून माणसांनी ती केली.

शेवटी कामाचं. रेशनकार्ड, आधार जवळ ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केमो बसते, दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. बीपी, शुगरच्या गोळ्या, काढे, चूर्ण, जे चालू असेल ते डॉक्टरांना सांगा. केमोनंतर ताप 100.4 च्या वर गेला तर सकाळची वाट बघू नका, तडक दवाखाना गाठा. त्यासाठी कुणाची गाडी रात्री-अपरात्री निघेल, हे पहिल्या डोसाआधीच ठरवा आणि तो नंबर भिंतीवर लिहून ठेवा.