कव्हर नष्ट, गाणे शाबूत: दुर्मीळ तबकड्यांचा इतिहास

१/ १९६८ साली अमेरिकेत छापलेले, सात इंची तबकडीचे एक कागदी कव्हर आज संग्राहकांच्या बाजारात हजारो डॉलर्सना विकले जाते. त्या कव्हरात जी तबकडी ठेवायची होती, ती मात्र सहज आणि स्वस्तात मिळते. गाणे स्वस्त आणि कागद महाग, ही उलटापालट कशी झाली? दुर्मीळतेमागच्या निर्णयांचा शोध घेणारा हा धागा.

२/ प्रथम पार्श्वभूमी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, लाखेच्या ठिसूळ तबकड्या प्रचलित होत्या. त्यांना लागणारी लाख मोठ्या प्रमाणावर भारतातून जात असे. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने व्हिनाइलची एलपी आणली. तिला उत्तर म्हणून आरसीए व्हिक्टरने १९४९ मध्ये ४५ फेऱ्यांची सात इंची तबकडी बाजारात उतरवली. दोन बाजूंना एकेक गाणे असलेली हीच ‘सिंगल’.

३/ सिंगल स्वस्त आणि मुख्यतः तरुणांसाठी होती. ती बहुधा कंपनीच्या साध्या पाकिटात मिळे. तबकडीवरचे लेबल वाचता यावे म्हणून पाकिटाला मधोमध गोल भोक असे. चित्र छापलेले कव्हर हा जादा खर्च होता. अमेरिकेत एल्व्हिस प्रेस्लीसारख्या गायकांसाठी तो केला गेला. ब्रिटनमध्ये मात्र सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत सिंगलला चित्रमय कव्हर क्वचितच लाभे.

४/ ग्राहकाच्या दृष्टीने कव्हर म्हणजे बांधणीचा कागद. त्यावर कोणी स्वतःचे नाव लिहिले, कोणी त्यातले चित्र कापून भिंतीवर लावले, कोणी ते सरळ फेकून दिले. त्यामुळे तबकडी उरली आणि कव्हर गेले, हे सर्वत्र घडले. तथापि आरंभी उल्लेखिलेल्या कव्हराची कथा निराळी आहे.

५/ मार्च १९६८ मध्ये लंडनच्या ग्रोव्हनर स्क्वेअरमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध मोठे निदर्शन झाले. रोलिंग स्टोन्सचा गायक मिक जॅगर तेथे उपस्थित होता. त्या वर्षीच्या अस्वस्थतेतून ‘स्ट्रीट फायटिंग मॅन’ हे गाणे आले. अमेरिकेत लंडन रेकॉर्ड्सने ते ऑगस्टच्या अखेरीस प्रसिद्ध केले. कव्हरसाठी निवडलेल्या छायाचित्रात पोलीस बळाचा वापर करताना दिसत होते.

६/ नेमक्या त्याच सुमारास शिकागोमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले होते आणि रस्त्यावर पोलीस निदर्शकांवर लाठ्या चालवत होते. शिकागोतील रेडिओ केंद्रांनी गाणे वाजवण्यास नकार दिला. कंपनीने छापलेले कव्हर मागे घेतले, पण तबकडी साध्या पाकिटातून विकणे चालूच ठेवले. त्या कव्हरच्या आज ज्ञात असलेल्या प्रती वीसही भरत नाहीत, असे संग्राहक मानतात.

७/ येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कंपनीला गाण्यापेक्षा चित्राची भीती अधिक वाटली. शब्दांचे अर्थ अनेक लावता येतात. छायाचित्र बातमीसारखे थेट बोलते. हा निर्णय समजण्यासाठी केवळ गाणे ऐकून भागत नाही. तो ज्या कागदामुळे घ्यावा लागला, तो कागदच येथे अस्सल साधन ठरतो.

८/ दुसरे उदाहरण याच्या नेमके उलट. १० मार्च १९७७ रोजी सेक्स पिस्टल्स या पंक गटाने बकिंगहॅम राजवाड्याबाहेर, छायाचित्रकारांसमोर, ए अँड एम कंपनीशी करार केल्याचा सोहळा केला. सहाच दिवसांत कंपनीने करार मोडला. तोवर ‘गॉड सेव्ह द क्वीन’ या सिंगलच्या सुमारे २५,००० प्रती तयार झाल्या होत्या. त्यांपैकी बहुतेक सर्व नष्ट करण्यात आल्या.

९/ मे महिन्यात व्हर्जिन कंपनीने तेच गाणे प्रसिद्ध केले. राणीच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवाचे ते वर्ष होते. जेमी रीड या चित्रकाराने कव्हरवर राणीचे डोळे आणि तोंड अक्षरांच्या पट्ट्यांनी झाकले. बीबीसीने बंदी घातली, तरीही गाणे विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. व्हर्जिनची प्रत आजही आवाक्यातली आहे. ए अँड एमची मोठ्या लिलावांत झळकते.

१०/ दोन्ही ठिकाणी दुर्मीळता बंदीतून वा माघारीतून आली. तिसरा प्रकार आपल्या देशातला आहे आणि त्यात वादाचा लवलेशही नाही. बीटल्सची पहिली ब्रिटिश सिंगल ‘लव्ह मी डू’ ऑक्टोबर १९६२ मध्ये आली. तोपर्यंत ब्रिटनमध्ये ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचे युग संपले होते.

११/ भारतात ते संपले नव्हते. अनेक घरांत चावीचे ग्रामोफोन होते. त्यांना ना वीज लागे ना ४५ चा वेग जमे. म्हणून कोलकात्याजवळच्या दमदम येथील कारखान्यात, पार्लोफोनच्या लेबलखाली, साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत बीटल्सची गाणी ७८ च्या तबकड्यांवर निघाली. जगभरचे संग्राहक आज त्या शोधतात. त्या काळी त्या केवळ आपल्या ग्राहकाची सोय होत्या.

१२/ किंमत वाढली की बनावट मालही येतो. म्हणून जाणकार तबकडीचा शेवटचा खोबणीविरहित पट्टा तपासतात. लेबलाभोवतीच्या या जागेत साच्याचा क्रमांक कोरलेला असतो. त्याची लेबलवरील क्रमांकाशी, कागदाच्या पोताशी आणि छपाईच्या पद्धतीशी ते तुलना करतात. हस्तलिखिताची सत्यता पारखणारा अभ्यासक याहून वेगळे काय करतो?

१३/ मात्र लिलावाची किंमत आणि इतिहासातील मोल यांत गल्लत नको. बाजार फक्त अपवाद जपतो. हिंदी चित्रपटगीतांच्या, मराठी भावगीतांच्या आणि नाट्यपदांच्या सात इंची ईपी आपल्याकडेही चित्रमय कव्हरांत निघत. कवी, संगीतकार आणि गायक यांची नावे, अक्षरलेखनाची धाटणी, वेशभूषा, जाहिरातीची भाषा हे सारे त्या कागदावर आहे. मोठी किंमत येत नाही, म्हणून ते दमट कपाटात कुजते किंवा रद्दीत जाते.

१४/ मागे घेतलेल्या कव्हरांचे शत्रू उघड होते. त्यांची नोंद झाली, कथा सांगितल्या गेल्या. सामान्य कव्हरांचा शत्रू म्हणजे ‘याचे काय करायचे?’ हा घरगुती प्रश्न. आजोबांच्या संग्रहात अशी ईपी सापडली, तर तबकडी आणि कव्हर वेगळे करू नका. दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्या, क्रमांक उतरवून ठेवा आणि ती कोणी, कोठून, केव्हा आणली, हे घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारा. कव्हरवर कोणी पेनने नाव लिहिले असेल, तर तेही पुसू नका. बाजारात त्याने किंमत उतरते. इतिहासात मात्र ती तबकडी कोणाच्या घरी वाजली, याचा तेवढाच पुरावा उरलेला असतो.