मार्गोची यादी आणि सावद्याची प्रतबंदी

१/ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, अवघ्या तीन वर्षांच्या अंतराने, दोन दूरच्या प्रदेशांत प्रतवारीचा प्रश्न ऐरणीवर आला. एक फ्रान्सचा बोर्दो, दुसरा आपला खानदेश. एका प्रतवारीने मालकांना आजवर टिकलेली प्रतिष्ठा दिली. दुसरीविरुद्ध शेतकरी हजारोंनी उभे राहिले. असे का घडले?

२/ १८५५ मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले. सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या व्यापारी मंडळाने वाइनच्या दलालांकडून यादी मागवली. १८ एप्रिलला ती तयार झाली. रेड वाइनच्या पाच श्रेणी ठरल्या. पहिल्या श्रेणीत चारच द्राक्षमळे होते: लाफीत, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियों.

३/ दलालांनी माती तपासली नाही. त्यांनी पाहिले ते वर्षानुवर्षांचे बाजारभाव. शातो मार्गोची कीर्ती तेव्हाही जुनीच होती. १७८७ मध्ये फ्रान्समधील अमेरिकेचा राजदूत थॉमस जेफरसन बोर्दोला गेला, तेव्हा त्यानेही हेच चार मळे सर्वोत्तम म्हणून नोंदवले होते. बाजाराने दिलेला मान यादीने फक्त कागदावर आणला.

४/ मार्गोची जमीन कसदार नाही. ती खडीची आहे, पाणी धरून ठेवत नाही. पण काबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाला तीच मानवते. वेलीची मुळे खोल जातात, फळ बेताचे येते आणि रस गाढ उतरतो.

५/ आता खानदेश. १८१८ मध्ये हा प्रदेश इंग्रजांकडे गेला. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरापासून सुरू केलेली मोजणीची पद्धत पुढे इथेही आली. मातीचा पोत, रंग आणि खोली पाहून जमिनीचे नऊ वर्ग पाडले जात. पावणेदोन हात खोल, निर्दोष काळी जमीन सोळा आण्यांची. सर्वांत हलकी दोन आण्यांची. हीच प्रतबंदी.

६/ या तक्त्यात खडीची, भुसभुशीत माती तिन्ही प्रकारांत शेवटची होती. मार्गोचा मळा खानदेशात असता, तर त्याची प्रत तळाला गेली असती! कारण इथे प्रत ठरत होती ती सरकारी साऱ्यासाठी. जमीन जितकी चांगली, तितका सारा जास्त.

७/ १८५२ मध्ये या मोजणीविरुद्ध एरंडोल, सावदा, फैजपूर भागात असंतोष उसळला. शेतकरी मोठ्या संख्येने एकत्र आले आणि मोजणी थांबवण्याची मागणी करू लागले. सरकारने फौज पाठवली, पुढाऱ्यांना पकडले आणि उठाव मोडून काढला. मोजणी पुढे चालूच राहिली.

८/ दोन्हींतला फरक इथे स्पष्ट होतो. बोर्दोत वरची श्रेणी म्हणजे मालकाला जास्त भाव. खानदेशात वरची प्रत म्हणजे शेतकऱ्यावर जास्त सारा. सावद्याच्या शेतकऱ्याला अक्षरओळख असो वा नसो, हा हिशेब त्याला कळला होता.

९/ काळाने एक वेगळे वळण घेतले. सावदा, रावेर, यावल हा पट्टा आज केळीचे आगर आहे. २०१६ मध्ये ‘जळगाव केळी’ला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याची नोंद निसर्गराजा कृषी विज्ञान केंद्राच्या नावे आहे. २०२१ मध्ये रावेर तालुक्यातील तांदलवाडीची २२ टन मानांकित केळी दुबईला गेली. ज्या मुलखाने एकदा प्रतवारी नाकारली, तिथूनच आता स्वतःच्या मातीचे नाव मागितले गेले.

१०/ मात्र मार्गोचा धडा विसरता येणार नाही. तिथे भाव आधी आला, कागद नंतर. १९७३ मध्ये शातो मूतों-रोथशिल्डला पहिल्या श्रेणीत बढती मिळाली, हा अपवाद वगळता पहिली श्रेणी आजही तीच आहे. जळगावात कागद आधी आला आहे. मार्गोचे नाव एका मळ्याचे, तर जळगावचे नाव असंख्य शेतकऱ्यांचे. त्या नावाचा दाम केळीच्या बागेपर्यंत पोहोचला, तरच ही प्रतवारी १८५२ च्या प्रतबंदीहून वेगळी ठरेल.