कर्जतचा बँकर आणि परम ८०००

पुण्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिन लागतं. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, पण चढण ३७ फुटांना एक फूट. पुढचा आणि मागचा चालक एकमेकांना दिसत नाहीत. दोघांचे इशारे जुळले की मगच गाडी हलते.

१९७८ साली टोनी होअर यांनी संगणकासाठी याच जातीचा विचार मांडला. त्याचं नाव सीएसपी. प्रत्येक प्रक्रियेची स्मृती आपापली, दुसरीच्या स्मृतीत हात घालायचा नाही. देणारा आणि घेणारा दोघेही तयार असतील तेव्हाच निरोप जातो, तोवर एकाने थांबायचं.

आता थांबणं आलं की अडकणंही आलं. पळसदरीहून खालापूर तालुक्यातल्या खोपोलीला जाणारा फाटा एकेरी आहे. दोन गाड्या एकाच टप्प्यात समोरासमोर आल्या, तर प्रत्येकीची वाट दुसरीने अडवलेली. संगणकात याला डेडलॉक म्हणतात. गंमत अशी, की असा घोळ हजार वेळा प्रोग्रॅम चालवूनही दिसत नाही आणि पुढच्याच वेळी दिसतो. नुसत्या चाचणीने भागत नाही, आधी कागदावर सिद्ध करावं लागतं. त्यासाठीच रॉबिन मिल्नर यांनी १९८० साली सीसीएस हे प्रक्रियांचं बीजगणित मांडलं. १९९२ च्या पाय कॅल्क्युलसमध्ये तर निरोपातून नव्या वाहिनीचं नावच पाठवता येऊ लागलं.

हे सगळं घाटमाथ्यापलीकडे, पुण्यात पोचलं ते चिपमधून. १९८८ साली सी-डॅक स्थापन झालं आणि १९९१ साली विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली परम ८००० तयार झाला. त्यात इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. या चिपच्या जोडीने घडलेली ऑकॅम भाषा सीएसपीवरच बेतलेली. प्रत्येक चिपला शेजाऱ्यांशी बोलायला चार दुवे.

पुढे ट्रान्सप्युटर बंद पडला, ऑकॅमही मागे पडली. पण २००९ साली आलेल्या गो भाषेतले चॅनेल होअर यांच्याच विचारातून आले.

परमची आठवण आपण अमेरिकेला दिलेलं उत्तर म्हणून काढतो. त्यात चूक काही नाही. पण चिप बाहेरून आली हे सांगताना तिच्यातला विचारही सांगायला हवा. चिप कालबाह्य झाली, विचार झाला नाही. विद्यार्थ्यांना शिकवायचं ते हेच, नाही का?