फाटकाशी घुटमळणारा माणूस

आज लढाई नाही, एक गोष्ट. इंग्रजीच्या तासाला तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांची ‘द मंकीज पॉ’, म्हणजे माकडाचा पंजा. साल १९०२.

हिंदुस्थानातून २१ वर्षांनी परतलेला सार्जंट-मेजर मॉरिस व्हाइट कुटुंबाकडे एक वाळलेला पंजा आणतो. फकिराने मंतरलेला, तीन इच्छा पुरवणारा. म्हातारे व्हाइट २०० पौंड मागतात. दुसऱ्याच दिवशी त्यांचा मुलगा हर्बर्ट कारखान्यात यंत्रात सापडून मरतो. कंपनी पैसे देते, बरोबर २०० पौंड. पुढे आईच्या हट्टापायी मुलगा परत मागितला जातो, रात्री दारावर थाप पडते आणि तिसऱ्या इच्छेनंतर रस्ता रिकामा दिसतो.

आमचे सर विचारायचे, तात्पर्य काय? आम्ही लिहायचो, नशिबाशी खेळू नये. पूर्ण गुण मिळायचे.

पण ही गोष्ट इतिहास म्हणून वाचा. इंग्लंडमध्ये १८९७ साली कामगार भरपाईचा कायदा झाला. कारखान्यात कामगार मेला, तर त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना त्याची तीन वर्षांची कमाई किंवा १५० पौंड, यांपैकी जास्त असेल ती रक्कम मिळे. कमाल मर्यादा ३०० पौंड. आता हिशोब करा. आठवड्याला २५ शिलिंग मिळवणाऱ्याची तीन वर्षांची कमाई होते १९५ पौंड. म्हणजे २०० पौंड हा जादूचा आकडा नव्हता. एका कामगाराच्या जिवाची ती त्या काळातली किंमत होती. गोष्टीतली कंपनी तर जबाबदारीच नाकारते आणि हर्बर्टच्या सेवेची दखल म्हणून पैसे देते. आपल्याकडे असा कायदा १९२३ साली आला. तोवर मुंबईतल्या गिरण्या सुरू होऊन साठ वर्षे उलटून गेली होती.

या गोष्टीतला मला सर्वांत भयंकर वाटणारा प्रसंग दारावरच्या थापेचा नाही. कंपनीचा माणूस नवी रेशमी हॅट घालून येतो. तीनदा फाटकाशी थांबतो, पुढे निघून जातो. चौथ्यांदा फाटकावर हात ठेवतो. आई त्याला खिडकीतून बघते आणि तिच्या मनात येते, हा पैसे घेऊन तर आला नसेल?

शाळेत या ओळी आम्ही भरभर वाचून पुढे गेलो होतो. पुढे नोकरीत मलाही एकदा असंच एका घरी जावं लागलं. जीप लांब उभी केली. मी फाटकापर्यंत गेलो आणि बुटाची नाडी बांधायला वाकलो. नाडी सुटलेली नव्हती. आत अंगणात त्या जवानाची आई धान्य निवडत होती. तिने मान वर केली, माझी वर्दी पाहिली आणि हातातलं सूप खाली ठेवलं. मला काही बोलावंच लागलं नाही. माझ्या खिशात एक कागद होता, त्यात मिळणाऱ्या रकमांचा तपशील होता. तो मी त्या दिवशी बाहेर काढला नाही.

जेकब्सने तो माणूस दुष्ट रंगवलेला नाही. बिचारा हुकमाचा ताबेदार आहे आणि तसं सांगतोही. म्हणूनच तो खरा वाटतो.

तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांना एक विनंती. ही गोष्ट शिकवाल तेव्हा तात्पर्य नंतर विचारा. आधी मुलांना विचारा, तो माणूस तीनदा का थांबला?

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.