‘माइंडक्राइम’ : भारलेल्या माणसाचा गुन्हा

गेल्या वेळी आपण जॉन लॉकपाशी थांबलो होतो. कालचा माणूस आणि आजचा माणूस एकच, हे कशावरून? लॉक म्हणतो, शरीरावरून नव्हे, जाणिवेवरून, आठवणीवरून. १६९४ च्या आवृत्तीत त्यानं हे मांडलं आणि लगेच अडचणही सांगितली. दारूच्या नशेत केलेलं ज्याला आठवतच नाही, त्याला न्यायालय शिक्षा करतं, कारण न आठवणं खरं की सोंग, हे न्यायाधीशाला ठरवता येत नाही. आज याच प्रश्नाचा एक दाखला घेऊ. तो हेवी मेटलमधला आहे. मागच्या रांगेत हसू आलेलं दिसतंय. येऊ द्या.

सिएटलजवळच्या बेलव्ह्यू गावच्या क्वीन्सराइक या बँडनं १९८८ साली ‘ऑपरेशन: माइंडक्राइम’ हा अल्बम काढला. पंधरा तुकडे, सुमारे एक तास, आणि सगळे मिळून एक कथा. प्रोग्रेसिव्ह मेटलमध्ये ही नाटकासारखी बांधणी पुढे रुळली, त्यात या अल्बमचा वाटा मोठा.

कथा अशी. निकी नावाचा तरुण इस्पितळात पडलाय, आणि त्याला हळूहळू आठवू लागतं. तो हेरॉइनचा व्यसनी होता, देशावर, पैशावर, टीव्हीवरच्या धर्मोपदेशकांवर चिडलेला. डॉक्टर एक्स नावाच्या माणसानं त्याला क्रांतीच्या नावानं हाताशी धरलं. फोन वाजायचा, पलीकडून ‘माइंडक्राइम’ हा शब्द यायचा, की निकी उठून माणूस मारून यायचा. मेरी ही पूर्वी वेश्या, आता नन. तिच्यावर त्याचा जीव जडतो, आणि नेमकं तिलाच मारायचा हुकूम येतो. तो तिला मारत नाही. पुढे ती मेलेली सापडते. कोणी मारलं, ते अल्बम सांगत नाही. (२००६ मध्ये दुसरा भाग आला. आमच्या मते त्याची गरज नव्हती.)

आता, माणसाला शब्दानं चालवायची ही कल्पना आली कुठून? ‘ब्रेनवॉशिंग’ हा शब्द एडवर्ड हंटर या पत्रकारानं १९५० मध्ये इंग्रजीत रुळवला. कोरियन युद्धानंतर एकवीस अमेरिकन युद्धकैद्यांनी मायदेशी परतायला नकार दिला, आणि अमेरिकेला धक्का बसला. आपली पोरं असं करतील कशी? नक्कीच शत्रूनं काही केलं असणार! आपल्यालाही ते यायला हवं, म्हणून सीआयएनं या नकाराच्या आधीच, १९५३ मध्ये, ‘एमके-अल्ट्रा’ हा गुप्त प्रकल्प सुरू केला होता.

गायक जेफ टेट यांनी सांगितलंय की ही कथा त्यांना मॉन्ट्रियलमध्ये सुचली. तिथं क्वेबेकच्या स्वातंत्र्याच्या जहाल बाजूची माणसं त्यांच्या कानावर पडत होती. या चळवळीतल्या एका गटानं १९७० मध्ये पिएर लापोर्त या मंत्र्याला पळवून नेलं होतं आणि त्यांचा खून झाला होता. म्हणजे निकीची क्रांती हवेतली नाही. आणि त्याच शहरात, अॅलन मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये, डॉक्टर युअन कॅमेरून मनोरुग्णांना विजेचे जबर झटके द्यायचे, औषधांनी दिवसेंदिवस झोपवून ठेवायचे आणि टेपवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवायचे. १९५७ नंतर काही वर्षं या कामाला सीआयएचा पैसा मिळत होता. टेट यांच्या मनात कॅमेरून होते, असं आम्ही म्हणत नाही. पण मॉन्ट्रियलमध्ये क्रांतिकारक आणि डॉक्टर हे दोघंही खरोखर होऊन गेले होते. अल्बममध्ये ते एका माणसात आलेत.

एक गोष्ट मात्र जुळत नाही, आणि आम्हाला तीच महत्त्वाची वाटते. कॅमेरूनच्या रुग्णांच्या स्मृती गेल्या, दिनचर्या गेली; आज्ञा झेलणारा मारेकरी काही त्यातून तयार झाला नाही. मग निकी कसा तयार होतो? अल्बम नीट ऐका. फोनवरचा शब्द येण्याआधी त्याचा राग येतो, आणि तो राग त्याचा स्वतःचा आहे. आपल्याकडे ‘भारणं’ हे क्रियापद बघा. मांत्रिक लिंबू भारतो, आणि तरुणही ध्येयानं भारलेला असतो. पहिल्याला आपण भितो, दुसऱ्याचं कौतुक करतो. डॉक्टर एक्सला हा फरक पुसता येतो, एवढीच त्याची विद्या. हेरॉइन आहेच. पण निकी तिथं गेला तो आपल्या पायांनी.

म्हणून लॉकचा बचाव त्याला पुरत नाही. पोलिसांनी धरल्यावर तो सैरभैर आहे, शेवटच्या गाण्यात आरशातला चेहरा त्याला परका वाटतो. तरी आठवण परत आलेली आहे, आणि लॉकच्याच हिशेबानं ती कृत्यं पुन्हा त्याची झाली. आज्ञा दुसऱ्याची होती, हे खरंच. त्यानं डॉक्टरचा दोष वाढतो. निकीचा तेवढाच कमी होतो का? आमचं उत्तर ‘नाही’ असं आहे. दोष ही काही भाकरी नव्हे, की एकाला जास्त दिली तर दुसऱ्याची कमी व्हावी.

पलीकडच्या बाजूचं काय झालं, तेही पाहा. १९७३ मध्ये सीआयएचे प्रमुख रिचर्ड हेल्म्स यांच्या आदेशानं एमके-अल्ट्राची कागदपत्रं नष्ट करण्यात आली. हिशेबाची काही खोकी तेवढी राहून गेली, ती १९७७ मध्ये सापडली. कॅमेरूनच्या काही माजी रुग्णांनी दावा लावला होता; तो साडेसात लाख डॉलरवर तडजोडीनं मिटला. साल १९८८, हा अल्बम आला तेच.