आधी कोणता नियम? डेटाबेसमधील कामांची वर्गवारी

शासकीय सेवांच्या मोठ्या डेटाबेसवर दोन प्रकारचा भार एकाच वेळी येतो. लोकसेवा केंद्राच्या खिडकीवरून आलेली दाखल्याची क्वेरी क्षणभराची असते. वार्षिक अहवालाची क्वेरी तासन्‌तास चालते. दोघींना सारखीच वागणूक मिळाली तर खिडकीपुढील रांग ताटकळते. म्हणून येणाऱ्या कामाचे गट पाडून प्रत्येक गटाला प्रोसेसर व मेमरीचा वाटा ठरवून दिला जातो. कोणते काम कोणत्या गटात जाईल, हे वर्गवारीचे नियम ठरवतात.

आयबीएमच्या डीबी२ प्रणालीत हे नियम क्रमाने तपासले जातात. वापरकर्ता, त्याचा समूह, अ‍ॅप्लिकेशनचे नाव अशा गुणधर्मांशी जुळणारा पहिला नियम लागू होतो आणि शोध तेथेच थांबतो. काहीच जुळले नाही तर शेवटचा सर्वसाधारण नियम असतोच. खरी मेख पुढे आहे: नवा नियम लिहिताना त्याचे स्थान सांगितले नाही, तर तो इतर सर्व नियमांच्या मागे जाऊन बसतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पांढुर्णा आणि सौसर या तहसिली ऑक्टोबर २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होत्या. नंतर पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. समजा, सौसरच्या केंद्रातील खाती नव्या ‘पांढुर्णा’ समूहात घेतली, पण जुन्या ‘छिंदवाडा’ समूहातून काढली नाहीत. ‘पांढुर्णा’साठी तातडीच्या गटाचा नियम केला, तोही यादीच्या तळाशी. वरचा ‘छिंदवाडा’ नियम ही खाती आधीच उचलणार. नियम अचूक असूनही निरुपयोगी. त्रुटीचा संदेशही येत नाही, दाखला मात्र रेंगाळतो. मध्य प्रदेशच्या २०१० च्या लोकसेवा हमी कायद्यात विलंबासाठी अधिकाऱ्याला दंड आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या क्रमाचे मोल कळते. विशिष्ट नियम वर, व्यापक नियम खाली, हीच येथील सुरक्षित रीत.

सर्वच प्रणाली अशा चालत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या सिनॅप्समध्ये क्रमाऐवजी गुणांकन आहे: वापरकर्त्याला ६४, भूमिकेला ३२, लेबलला १६ गुण, अधिक गुणांचा नियम जिंकतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये वर्गवारीचे फंक्शन प्रशासकाने स्वतः लिहायचे, त्यामुळे अटींचा क्रम सर्वस्वी त्याच्या हाती. ते फक्त लॉगिनच्या वेळी चालते. दुरुस्ती केल्यावरही आधीपासून उघडी असलेली कनेक्शने जुन्याच गटात राहतात, आणि ‘बदल करूनही फरक नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथेच सापडते. डीबी२ मध्ये बदललेला नियम चालू व्यवहार संपून पुढचा सुरू होताना विचारात घेतला जातो.

डीबी२ वापरणाऱ्यांनी शंका आल्यास सिसकॅट.वर्कलोड्स ही सूची उघडावी. तीतील ‘इव्हॅल्युएशनऑर्डर’ स्तंभात प्रत्येक नियमाचा तपासणीचा क्रमांक दिसतो.